फडात रुतलेली उसाची ट्रॉली कशी काढायची

भरलेली ट्रॉली फडाबाहेर काढताना ट्रॅक्टरचं मागचं चाक जागेवर फिरलं, की पहिल्याच फेऱ्याला क्लच दाबायचा. नवा ड्रायव्हर तो दाबत नाही. माझ्या पहिल्या हंगामात मीही दाबला नव्हता. रात्री लाइट आली तशी शेजारच्या रानात कुणीतरी मोटर चालू करून झोपायला गेलं, पाट फुटला आणि आमच्या फडाचा खालचा कोपरा पहाटेपर्यंत पाणी पीत राहिला. वर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पसरलेलं, त्यामुळं खालचं काही दिसलं नाही. ट्रॉली भरली, मी निघालो, चाक फिरलं आणि मी ॲक्सिलेटर ओढला. ऊसतोड टोळीचा मुकादम बीडकडचा. तो बांधावरून पळत आला, "अरं, क्लच दाब ना! खड्डा पाडायलास का?" तोवर ट्रॅक्टरचं पोट मातीला टेकलं होतं. तासाभराचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबलं.

पहिल्यांदाच ऊस वाहतुकीला बसलेल्या पोरांसाठी आणि स्वतःच्या रानात ट्रॉली घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितोय. पिकअप किंवा टेम्पो रुतला तरी यातलं बरंचसं लागू पडतं.

रुतते ती ट्रॉली

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात रानातल्या कामाला साधारण १२ ते १४ पौंड हवा असते. ट्रॉलीला ट्रकचे टायर, त्यांत ८०-९० पौंड. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानानं त्याच्या आतल्या हवेएवढा असतो. म्हणजे ज्या मातीवरून ट्रॅक्टर आरामात गेला, त्याच मातीवर ट्रॉलीचं चाक सहापट दाब देतं. आधी ट्रॉली बसते. ओढ वाढते, ट्रॅक्टरचं चाक घसरतं, आणि मग ड्रायव्हर जोर करून ट्रॅक्टरलाही स्वतःच्या हातानं पुरतो. लोक म्हणतात ट्रॅक्टर रुतला. खाली उतरून बघा, मूळ दुखणं बहुतेक वेळा मागंच असतं.

काळ्या मातीचा स्वभावही माहीत पाहिजे. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. वरचा पापुद्रा दोन उन्हांत वाळतो, खाली मात्र लोणी. नदीकाठच्या मळीच्या रानात हेच होतं. कोल्हापूर-सांगलीतल्या शिरोळ, वाळव्याकडच्या क्षारपड पट्ट्यात तर वर पांढरी खपली आणि खाली पाझर. तिथं वरून बघून काहीच ठरवू नका.

ट्रॉली आत घालायच्या आधी एक वीत खणून तिथली माती मुठीत दाबा आणि लाडू करा. छातीच्या उंचीवरून सोडल्यावर लाडू फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, जा. नुसता चपटा झाला आणि हाताला चिकट राहिला, तर ट्रॉली बांधावर उभी करा. हे एका जागी करून भागत नाही. फडाचा खालचा कोपरा, पाटाच्या कडेची सरी आणि जिथून वळायचं ती जागा, तिन्ही बघा.

उतरा, बघा, हिशोब करा

थांबलात. आता इंजिन बंद करून खाली उतरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. कोणतं चाक किती गेलंय, ट्रॅक्टरचा हाउसिंग, म्हणजे पोट, मातीला लागलाय का, ट्रॉली एका बाजूला कलली आहे का, आणि घट्ट जमीन किती पावलांवर आहे, एवढं बघायचं. घट्ट जमीन मागं जवळ असेल तर मागं निघायचं. पुढंच गेलं पाहिजे असा काही नियम नाही. उलट ज्या चाकोरीतून आलात ती दाबली गेलेली असते.

आता थोडं गणित, कारण इथंच सगळे फसतात. भरलेली ट्रॉली १० टन धरू. डांबरी रस्त्यावर ती ओढायला दोन-तीनशे किलोचा जोर पुरतो. मऊ रानात तीच ट्रॉली दोन-अडीच टन मागते. चाक रिमपर्यंत गेलं, तर गाडीच्या वजनाएवढा जोर धरावा आणि मडगार्डापर्यंत गेलं तर दुप्पट, असा हिशोब रुतलेल्या गाड्या ओढून काढणारी लष्करातली माणसं धरतात. इकडं आपला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन टनांचा. ओल्या मातीत तो आपल्या निम्म्या वजनाएवढंही धड ओढत नाही, कारण तिथं एचपी कामाला येत नाही, पकड लागते. दहा टन मागणाऱ्या ट्रॉलीपुढं एक टन ओढणारा ट्रॅक्टर उभा करून रेस केल्यानं डिझेल आणि क्लचप्लेट जळते, दुसरं काही होत नाही.

यातून वाट दोनच बाजूंनी निघते. ट्रॉलीची मागणी कमी करायची, नाहीतर ओढणारा घट्ट जमिनीवर न्यायचा. बहुतेकदा दोन्ही करावं लागतं.

आधी ओझं

डबल ट्रॉली असेल आणि मागची अजून घट्ट जमिनीवर असेल, तर पहिल्यांदा ती सोडवा. ही गोष्ट इतकी उघड आहे, तरी दोन्ही ट्रॉल्या जोडून तासभर झटापट करणारे मी दर हंगामात बघतो.

पिन काढण्याआधी ट्रॉली दोन चाकी आहे की चार चाकी, हे बघा. चार चाकीचं वजन तिच्या चारही चाकांवर असतं. चाकांना दगडांची उटी लावली की पिन निघते. दोन चाकीच्या दांडीवर मात्र ओझं असतं, ते ट्रॅक्टरच्या हुकावर बसलेलं असतं. पिन निघाली की दांडी धाडकन खाली येते. पाय खाली असेल तर पाय जातो. म्हणून दांडीखाली आधी लाकडाचा ठोकळा रचायचा, त्याच्याखाली रुंद फळी, नाहीतर ठोकळाच चिखलात जाईल. माल मागं जास्त असेल तर उलटं होतं, दांडी वर उसळते. त्यामुळं पिन काढताना दांडीवर वाकून उभं राहू नका. पिन ताणात अडकली असेल तर ट्रॅक्टर बोटभर मागं घेऊन ताण सोडवा. घणानं ठोकत बसू नका.

मग ऊस उतरवणं. कुणालाच नको असतं ते. टोळीला तोडणी-भरणीचे पैसे टनावर मिळतात, तीच मोळी दोनदा उचलल्याचे कुणी देत नाही. तेव्हा वरचे पैसे किती, हे आधीच बोलून घ्या. काम झाल्यावर घासाघीस करू नका. पहाटे चारपासून कोयता चालवलेल्या माणसांकडून फुकट अंगमेहनत मागायची म्हणजे आपली चूक त्यांच्या डोक्यावर देणं.

कललेल्या ट्रॉलीचा दोर सोडताना नेहमी उंच बाजूला उभं राहायचं. दोर सुटला की खालच्या बाजूचा ऊस एकदम घसरतो. दोन चाकी ट्रॉली पुढून रिकामी करायला घेऊ नका, ती मागं बसेल. मागून सुरुवात करा किंवा सगळीकडून थर सारखे काढा. पूर्ण रिकामी करायची गरज सहसा पडत नाही. निम्मा ऊस उतरला तरी फरक हाताला जाणवतो.

खोऱ्या-फावड्याचं काम

पाणी साचलं असेल तर पहिल्यांदा उताराकडं चर काढून ते सोडा. नंतर चाकाभोवतीची माती मोकळी करा. ओली काळी माती चाकाला चूषणासारखी धरून ठेवते, आणि तिच्यात हवा शिरली की अर्धं भांडण मिटतं. ज्या बाजूला जायचं त्या बाजूला चाकासमोर उभी भिंत असते. ती तोडून तिथं लांब, मंद उतार करायचा. हातभर खोल खड्डा असेल तर उतार किमान तीन हात लांब. आखूड उतार केला तर चाक त्याला धडकून परत खाली येतं. एक्सेलखाली आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली अडकलेली मातीही काढा, नाहीतर सगळी गाडी घसरगाडीसारखी त्या ढिगावर बसलेली राहते. हे वाकून, लांब दांड्याच्या खोऱ्यानं करायचं. गाडीखाली आडवं होऊन कुणी हात घालायचा नाही, जॅक लावला असला तरीही.

आणि जॅक लावायचाच असेल तर तो मातीवर ठेवला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. खाली दोन वीत रुंद जाड फळी पाहिजे. चाक उचललं की खालची पोकळी लगेच भरून घ्या.

भरायला काय? उसाच्या फडात पाचट हाताशी असतं म्हणून सगळे तेच टाकतात. ओलं पाचट चाकाच्या दिशेनं उभं टाकलं तर चाक त्यावरून साबणासारखं सरकतं. आडवं टाका, वर वाड्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) थर द्या, पायानं तुडवा आणि सगळ्यात वर मुरूम किंवा विटांचे तुकडे. मातीनं अर्धवट भरलेली पोतीही चांगली बसतात. मोठे गोल दगड नकोत, चाक त्यांना मागं भिरकावतं. पत्राही नको, त्याच कारणासाठी. भरण फक्त चाकाखाली करून उपयोग नाही. गाडी घट्ट जमिनीवर पोचेपर्यंतची चाकोरी भरली पाहिजे, नाहीतर दहा फुटांवर पुन्हा तेच.

ट्रॅक्टर हलवताना

एकटा ट्रॅक्टर आधी काढा. पुढची चाकं सरळ ठेवा, वळवलेलं चाक चिखलात नांगरासारखं आडवं येतं. लो रेंज, दुसरा गिअर, रेस कमी आणि क्लच हळू. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लिव्हर आधीच टाका, चाक फिरायला लागल्यावर नाही.

डिफरन्शियल लॉकचं पेडल बऱ्याच ट्रॅक्टरांत उजव्या टाचेजवळ असतं, आणि पुष्कळ ड्रायव्हरांनी ते कधी दाबलेलंच नसतं. एक चाक फिरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं, तेव्हा हे दोघांना एकत्र बांधतं. क्लच दाबून चाकं पूर्ण थांबवा, मग पेडल दाबा, मग क्लच सोडा. फिरत्या चाकावर दाबलं तर आतले दाते तुटतात. लॉक असताना स्टिअरिंग वळवायचं नाही. लॉक बिघडलेलं असेल तर एक जुनी युक्ती: डाव्या-उजव्या ब्रेकची कडी सोडा आणि जे चाक फुकट फिरतंय त्याचाच ब्रेक हलका दाबा. जोर दुसऱ्या चाकाकडं जातो.

मागच्या टायरांची हवा दोन-तीन पौंड कमी केली तर पकड वाढते. त्याहून खाली जाऊ नका. ट्यूबचा टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्ह उपटून निघतो. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरांची हवा तर मुळीच सोडायची नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहिला असता तरी चाललं असतं, ती. मागच्या चाकांना ओंडका साखळीनं बांधून ट्रॅक्टर पुढं काढायचा प्रकार गावोगाव चालतो. बऱ्याचदा जमतोही, म्हणून लोकांचा विश्वास बसलाय. चाक मोकळं असतं तोवर इंजिनाचा जोर चाक फिरवतो. चाक ओंडक्यानं अडलं, की तोच जोर उलटा ट्रॅक्टरच्या धडावर येतो आणि धड एक्सेलभोवती मागं फिरायला लागतं. नाक उचलतं आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर पालथा पडतो. सगळा प्रकार सुरू होऊन संपायला दीड सेकंद पुरतो. उडी मारायला सवड मिळत नाही. जड ट्रॉलीला साखळी उंच जागी, म्हणजे टॉप लिंकला किंवा एक्सेलवर बांधली तरी हेच होतं.

म्हणून ओंडका नको. शक्य तिथं रिव्हर्समध्ये निघा, कारण मागं जाताना तीच उलटी ओढ नाक खाली दाबते. पुढं जायचंच असेल तर डावा पाय क्लचवरून हलू देऊ नका, आणि पुढचं चाक जमीन सोडतंय असं नुसतं वाटलं तरी क्लच दाबा. मडगार्डवर बसलेल्या दोघा-तिघांना आधी खाली उतरवा. "वजन होतंय" म्हणून ते बसलेले असतात.

दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढताना

ओढणारा ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर पाहिजे. त्याला रुतलेल्याच्या जवळ आणला की तोही रुततो आणि दोघांचा फोटो निघतो. त्यापेक्षा साखळी किंवा वायररोप लांब घ्या आणि ट्रॅक्टर पाणंदीवरच उभा करा.

साखळी ओढणाऱ्याच्या खालच्या हुकालाच लावायची. रुतलेल्या ट्रॅक्टरला पुढं लावताना दिखाऊ बंपरला नाही, चासीला बोल्टनं धरलेल्या ब्रॅकेटला. पुढची चाकं वळवणाऱ्या टायरॉडला लावलीत तर तो वाकतो आणि मग रुतलेला ट्रॅक्टर वळायचाही बंद होतो. ट्रॉली असेल तर दांडीला, मागं ओढायची असेल तर चासीच्या मागच्या हुकाला. दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत. तिरक्या ओढीनं कललेली ट्रॉली आडवी होते.

झटका द्यायचा नाही. साखळी ताठ होईपर्यंत गोगलगायीसारखं पुढं जायचं, ताण आला की मगच रेस. झटक्यानं साखळीवर नेहमीच्या ओढीच्या कितीतरी पट ताण येतो आणि कडी तुटते. नायलॉनचा जाड दोर आणखी वाईट, तो रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की हुकासकट बंदुकीच्या गोळीसारखा परत येतो. मधोमध ओलं पोतं किंवा घोंगडं टाकून ठेवा, तुटलाच तर त्याच्या वजनानं खाली पडतो. आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. बघायला जमलेली पोरं नेमकी साखळीच्या कडेला उभी राहतात. त्यांना हाकला, शिव्या द्याव्या लागल्या तरी.

इशारा एकानंच करायचा. चारजण "चल चल" आणि दोघंजण "थांब थांब" ओरडत असतील तर दोन्ही ड्रायव्हर आपापल्या सोयीचं ऐकतात. एक माणूस, दोघांना दिसेल अशा जागी बाजूला, हातवाऱ्यानं. हात खाली म्हणजे क्लच.

जोर कमी पडत असेल आणि मोठी कप्पी मिळत असेल, तर ती ट्रॉलीच्या दांडीला अडकवा. वायररोपचं एक टोक जवळच्या जुन्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, खाली पोत्यांची घडी घालून. रोप कप्पीतून फिरवून दुसरं टोक ट्रॅक्टरला. ट्रॉली अर्ध्या वेगानं सरकते, पण जोर जवळजवळ दुप्पट मिळतो. यात कप्पी आणि तिची कडी सगळ्यात जास्त ताण घेतात, म्हणून त्यांच्या रेषेत कुणी नको.

जेसीबी कधी बोलवायचा? ट्रॅक्टरचं पोट टेकलंय आणि ट्रॉलीचं एक्सेलही मातीत आहे, तर पहिल्या अर्ध्या तासातच फोन करा. चार तास झटून मग बोलावला तर पैसे तेवढेच, वर मोडतोड आपली. तो आल्यावर बकेट कुठं लावायची हे तुम्ही दाखवा: चासीच्या आडव्या लोखंडाखाली. टायर, डिझेल टाकी आणि हायड्रॉलिकच्या नळ्यांपासून लांब. अंधार पडला असेल तर सोडून द्या. ऊस एका रात्रीत थोडा वाळेल, वजनाला घटेल. घटू दे.

बाहेर आल्यावर

डिफ लॉक सुटलंय का ते बघा. दोन्ही ब्रेकच्या पेडलांची कडी जोडा. विसरलात तर रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जाईल. चाकांचे नट आवळा, वॉल्व्ह तिरका झालाय का पाहा, हवा परत भरा. रेडिएटरच्या जाळीवर चिखल उडाला असेल तर धुवा. ट्रॉलीच्या हबमध्ये पाणी-गाळ शिरला असेल तर त्याच आठवड्यात उघडून नवं ग्रीस भरा, बेअरिंग रस्त्यावर बसलं की पुढची खेप जाते.

उतरवलेला ऊस पुन्हा भरायचा तो बांधावर, रानात नाही. मोळ्या डोक्यावरून थोड्या लांब न्याव्या लागतात, आणि त्याचेही पैसे आधी बोललेल्यात धरलेले असावेत.

डांबरीला लागायच्या आधी पाणंदीवर थांबून टायरच्या खाचांतली माती खोऱ्यानं खरवडून काढा. रस्त्यावर सांडलेली काळी माती पहाटेच्या दवात भिजली, की दुधाचे कॅन घेऊन निघालेला मोटरसायकलवाला त्यावरून थेट आडवा होतो. तेवढ्यातूनही माती पडलीच, तर परत जाऊन ओढून कडेला टाका. खोरं ट्रॉलीत तसंही असतंच.